‘काहून’चा सौदा

दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच होता, तो माझा मेहुणा. आणि त्याने आयुष्यात एकदाच शब्द मोडला, तो माझ्याशी. या प्रकरणाच्या दोन आवृत्त्या आमच्या नातेवाइकांत फिरत आहेत. नंदनवनकडची मंडळी म्हणतात, त्याला माझ्याहून बडे गिऱ्हाईक मिळाले. महाल वस्तीतली म्हणतात, मी त्याचा अपमान केला. दोन्ही खोट्या आहेत. त्या वेळी खोलीत आम्ही तिघेच होतो, आणि या कहाण्या सांगणाऱ्यांपैकी एकही त्या तिघांत नव्हता.

आधी माणूस समजून घ्या. मेहुण्याची सारी नोकरी तारघरात, लोकांच्या बारशा-मरणाचे शब्द मोजण्यात गेली. तारा बंद पडल्या, मोजायला शब्द उरले नाहीत, तेव्हा त्याने ते जमवायला घेतले. इंटरनेटवर एखाद्या नावाचा पत्ता आपल्या मालकीचा करून ठेवता येतो आणि त्याला डोमेन म्हणतात, हे त्याला कोणीतरी सांगितले. मग निवृत्त माणसे शहराबाहेर प्लॉट घेऊन ठेवतात तशी हा नावे घेऊन ठेवू लागला. इकडच्या बोलीतले ‘वावर’ त्याचे, ‘पोट्टे’ त्याचे, वेडपटाला म्हणतात ते ‘भैताड’सुद्धा त्याचेच. भाजीवालीच्या तोंडून एखादा जुना शब्द ऐकला की निवडलेली वांगी तशीच टाकून हा स्कूटर घराकडे वळवी, कारण तेवढ्यात दुसऱ्या कोणी तो शब्द पळवला तर! एका चुलत नातीच्या बारशाला आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितले, बायकांनी ‘कुर्र’ केले, आणि घुगऱ्या वाटून होण्याच्या आत याने मोबाइलवर ते नाव नोंदवलेदेखील. झबल्या-टोपड्याऐवजी बाळाच्या उशाशी त्याने नोंदणीचा कागद ठेवला. बाळाची आजी हादरली. “काय केलं गा बाप्पा हे? पोरीचं नावच बांधून टाकलं काय?”

आणि शब्दाचा पक्का किती? एकाच दुपारी दोन घरची जेवणाची आमंत्रणे चुकून स्वीकारली, तर दोन्हीकडे पानात काही न टाकता जेवला आणि पुढचे दोन दिवस ताकावर राहिला. मी समाचाराला गेलो तेव्हा पोट धरून आडवा पडला होता. “शब्द म्हणजे शब्द, भाऊजी,” तो कण्हत म्हणाला. असा हा माणूस. म्हणूनच माझ्याशी त्याने केले ते मला पचलेले नाही.

मी सारी हयात शाळेत मराठी शिकवली. निवृत्तीनंतर शुद्ध मराठीची एक मोठी वही सिद्ध केली. माझ्या मागे राहील असे माझे तेवढेच आहे. ती इंटरनेटवर ठेवायची ठरली आणि तिच्यासाठी मला एकच नाव हवे होते: ‘काहून’. इकडचा माणूस ‘का’ म्हणत नाही, ‘काहून’ म्हणतो. त्याने त्या चुकीच्या दाराने आत यावे आणि बरोबर शब्द घेऊन बाहेर पडावे, अशी माझी योजना होती. ते दार मेहुण्याच्या मालकीचे होते. मी मागताच तो हो म्हणाला. किंमत ठरली. माझ्या पत्नीसमोर, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीसमोर, अडकित्त्याने सुपारी फोडली. अर्धी त्याने घेतली, अर्धी मी.

ठरल्या दिवशी तो नाव माझ्या स्वाधीन करायला प्रताप नगरला आमच्या घरी आला. संगणकापुढे बसला. शेवटचे बटण दाबायचे तेवढे उरले असताना मी, कौतुकाने, त्याला वहीचे पहिले पान वाचून दाखवले: “काहून. अशुद्ध रूप. सुशिक्षितांनी टाळावे.”

त्याचा हात थांबला.

“भाऊजी, मी नाव देऊन नाही राहिलो.”

“सुपारी फुटली आहे!”

“फुटली न. पन नावाचं काय करून राहिले, हे मी विचारलंच नोतं. चूक माही.” त्याने खिशातून सुपारीचे अर्धुक काढून टेबलावर ठेवले. त्याने ते खाल्लेच नव्हते. माझे मी केव्हाच चघळून टाकले होते.

“का?” मी ओरडलो.

“काहून म्हना न जी, एक डाव,” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “माही माय काहून म्हने. ताईबी म्हने, तुमच्या घरी आली तवापर्यंत. तुम्ही टोकलं, तं तिनं काहून म्हननं सोडलं. मंग विचारनंच सोडलं.”

हे धादांत असत्य आहे, असे मी त्याला तिथेच सुनावले आणि आजही सुनावतो. संसारात पत्नीने मला शेकडो प्रश्न विचारले असतील. ऐन वेळी एकही आठवला नाही, ही गोष्ट वेगळी. ती दारातच उभी होती. मी म्हणालो, “सांग याला.”

ती म्हणाली, “चहा टाकते.”

चहा न घेता तो गेला. तेव्हापासून आलेला नाही. त्याचे तोंड पाहणार नाही, असे मी चारचौघांत जाहीर केले आहे आणि मीही शब्दाचा पक्का आहे. वही टेबलावर पडून आहे, तिच्यावर ते अर्धुक. पण नवा शब्द सापडला की दारातूनच “भाऊजी, घेतला!” म्हणून ओरडणारे दुसरे कोणी या घरात येत नाही.

परवा पत्नी पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणालो, “तुझ्या भावाला रविवारी जेवायला बोलाव.” इतक्या शपथांनंतर मी हे म्हणालो होतो, कोणीही विचारले असते. मी उत्तर तयार ठेवून थांबलो.

“बरं,” ती म्हणाली आणि तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

काहून, ते तिने विचारले नाही.