नव्यासारखा कॉम्प्रेसर

मेंटेनन्सवाल्यांकडे किस्से फार साठतात. कारण नीट चालणाऱ्या मशीनचा किस्सा होत नाही, आणि नीट चालणाऱ्या मशीनसाठी आम्हाला कोणी बोलवत नाही! अंबरनाथला एमआयडीसीत आमची कंपनी. देखभालीचं प्लॅनिंग माझ्याकडे. कुठलं मशीन कधी थांबवायचं ते मी ठरवते. ते का थांबवता येणार नाही, ते प्लांट मॅनेजर कुलकर्णी सर ठरवतात.

*

आमचा एअर कॉम्प्रेसर जुना. दुरुस्त केला की चालतो, पण आधीसारखा नाही. दर वेळी थोडं काहीतरी कायमचं जातं. एकदा सगळा उघडून, बेअरिंग बदलून सुरू केला. सर खूश! "काय म्हात्रे, नव्यासारखा झाला ना?"

म्हात्रे काका आमचे सीनियर फिटर. हात पुसत म्हणाले, "सर, फुटलेला कप चिकटवला तर चहा पिता येतो. पाहुण्यापुढे नाय ठेवता येत!"

*

म्हणून मी मीटिंगमध्ये सांगितलं, दोन सर्व्हिसिंगमधलं अंतर दर वेळी कमी करावं लागेल.

सर म्हणाले, "असं कमी करत गेलो तर शेवटी काय, रोज सर्व्हिसिंग?"

"नाही सर. शेवटी नवीन कॉम्प्रेसर."

मग सर म्हणाले, "चहा सांगा रे कोणीतरी!"

*

एकदा बेअरिंग अर्जंट हवं होतं, म्हणून काका आणि मी उल्हासनगरला गेलो. दुकानातल्या सिंधी शेठनी कागदात गुंडाळलेलं बेअरिंग पुढे केलं. "एकदम नया जैसा, मॅडम."

"शेठ, नया है की नया जैसा?"

"अरे, नया जैसा तो नये से अच्छा! नया वाला अभी तक चला किधर है?"

काका मला बाहेर ओढत म्हणाले, "मॅडम, हा माणूस आपल्या सरांना भेटता कामा नये!"

*

या कामाने कान बिघडतात. बेलवलीला काकांच्या पुतणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, हातात अक्षता, आणि मांडवामागे जनरेटर. घरघर, मध्येच टक्! मी काकांकडे बघितलं, तर ते आधीच माझ्याकडे बघत होते. पुढच्या 'सावधान'ला आम्ही दोघं मांडवामागे!

काकू अजून ऐकवतात, "पोरीच्या डोक्यावरच्या अक्षता यांनी जनरेटरवर टाकल्या!"

*

आणि हा एक. कॉम्प्रेसर पुन्हा थरथरायला लागला होता. मी गुरुवारी बंद ठेवायचा प्लॅन दिला, सरांनी खोडला. डिस्पॅच अडलं होतं. "चालतोय ना? चालू दे."

मला चैन पडेना. शेजारीच पॅकिंगची माणसं बसायची. त्यांना मी पलीकडच्या शेडमध्ये हलवलं, तरी जीव थाऱ्यावर येईना. सारखी जाऊन बघून यायची. शेवटी तोंडातून गेलंच, "सर, एवढी खात्री आहे तर तुमची खुर्ची तिथे टाकते. आज तिथेच बसून काम करा."

काकांनी डोळेच मिटले. गेली माझी नोकरी!

पण सर हट्टी. "टाका खुर्ची!"

बसले लॅपटॉप घेऊन. आधी टाइप करत होते. मग हात थांबले, नुसते ऐकत राहिले. जेवणाच्या सुट्टीआधी उठले आणि स्वतःच लाल बटण दाबलं.

काकांनी उघडून दाखवलं. शाफ्टला केसासारखी बारीक चीर. सरांनी तिच्यावरून नख फिरवलं.

मग बाजूला जाऊन घरी फोन लावला. "अगं, ती डॉक्टरांची अपॉइंटमेंट... हो, मीच पुढे ढकलत होतो. उद्याची मिळते का बघ."