दुपारची नीरा

कामतसाहेबांनी दर तीन आण्यांवर नेला आणि रांग आणखी लांब झाली. साहेब अर्थशास्त्राचे पदवीधर. ते माझ्याकडे संशयानं बघायला लागले.

दारूबंदीचा काळ होता. अंधेरी स्टेशनबाहेरच्या नीरा केंद्रावर मी विक्रेता होतो. नीरा म्हणजे ताडाचा ताजा रस. पहाटे उतरवायचा, बर्फात ठेवायचा आणि सकाळीच विकायचा. ऊन लागलं की तो आंबतो. आंबला की त्याचं नाव ताडी, आणि ताडी विकली तर तुरुंग.

सकाळी दोन आण्याला पेला फारसं कुणी घेत नसे. केंद्र बंद करायची भाषा सुरू झाली. माझी नोकरी टेंपररी. तेव्हा माझे वरिष्ठ कामतसाहेब यांनी तोड काढली: उरलेला माल अकरानंतर एक आण्याला द्यायचा. दर उतरला की डिमांड वाढते, असं त्यांनी मला समजावलं. वाढली. मरोळ, वर्सोव्याहून माणसं यायला लागली. बर्फ दहालाच वितळतो, हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

मग साहेबांनी दुपारचा दर वाढवून पाहिला. दोन आणे, तीन आणे. रांगेतून कुणी हलेना. शेवटी ते स्वतः रांगेपाशी गेले. पुढे मरोळ गावातले पास्कलकाका होते. सकाळी स्वस्त मिळते, मग आता तीन आणे का मोजता, असं साहेबांनी त्यांना विचारलं.

"सकाळची नुसती गोड लागते, साहेब," पास्कलकाका म्हणाले. "दुपारची जरा बोलते."

साहेबांना हे नीरेचं कौतुकच वाटलं. जन्मात कधी न प्यायलेला माणूस. त्यांनी लागोपाठ तीन पेले घेतले.

थोड्या वेळानं ते स्टुलावर चढून दारूबंदीचे फायदे सांगायला लागले. फायदे तीनच होते, पण दुसरा त्यांनी चार वेळा सांगितला. मग उतरून रांगेतल्या हवालदाराला मिठी मारली आणि त्याला आई म्हणून हाक मारली. हवालदार स्वतः पेला घेऊन उभा होता, त्यामुळे रिपोर्ट झाला नाही. मी आणि पास्कलकाकांनी साहेबांना टांग्यात घालून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब काळा चष्मा लावून आले.

"नऊनंतर एक थेंब विकायचा नाही," ते हळूच म्हणाले.

सकाळचा दर त्यांनी एक आण्यावर आणला, मग अर्ध्यावर. दिवसाला पाच-सहा पेले जायचे, त्यातला एक माझा. लवकरच केंद्र बंद झालं. मला ताडगुळाच्या खात्यात घेतलं, तेही साहेबांच्या शिफारशीवर.

दर आणि मागणीचा संबंध असतो, हे मला मान्य आहे. फक्त सकाळचा माल दुपारी तोच राहिलाय ना, एवढं आधी बघून घ्यावं.