डाव्या पायाचं मधलं नख

हे आत्ताच सांगायचंय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या... चाचा अर्ध्या तासापूर्वीच त्यांचं कबुतर घेऊन गेलेत. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाय. मेलेल्या पक्ष्यांसोबतच दिवस जातो माझा.

मी इथं सिडको एन-सहाला घरीच टॅक्सीडर्मी करते, म्हणजे पाळीव पक्षी मेला की पिसांसकट कातडी टिकवून जिवंत वाटेल असा बसवायचा. शेवटचं काम रंगाचं. पिसं तशीच राहतात, पण चोच अन् पाय वाळले की फिके पडतात. म्हणून ताजा असतानाच जवळून फोटो काढायचे, मग ऑइल पेंट टर्पेंटाइनमध्ये लई पातळ करून रोज एकच हात मारायचा.

मागच्या महिन्यात शहागंजचे चाचा रुमालात पांढरं कबुतर घेऊन आले. "तेरी चाची का है," एवढंच बोलले. चाची, म्हणजे त्यांच्या बायको, दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता घर सोडून ते मुलाकडं पुण्याला चाललेत, तिथं फ्लॅट, कबुतरं पाळायला छतच नाय. "जैसा था वैसाच बना दे बेटा. बस येइच लेके जाना है."

पाय लाल केले. नखं फोटोत आठही पांढरट, तशीच रंगवली. सकाळी बघते तर डाव्या पायाचं मधलं नख तांबूस. वाटलं, बोटाचा लाल उतरला. पुसून परत रंगवलं. दुसऱ्या सकाळी परत तेच. आई म्हणते, "कबुतराला नेलपॉलिश लावतीस, स्वतःच्या हाताला कधी लावलं नाय."

काल फक्त तेवढं नख रंगवलं अन् खोक्याला टेप मारून ठेवलं. आज टेप जशीच्या तशी... नख तांबूस.

मला रडूच यायचं बाकी होतं. वैसाच, म्हणाले होते ना ते. सँडपेपर घेऊन घासायला बसले अन् बेल वाजली.

चाचांनी पाठीवरून बोट फिरवलं, हसले. मग पायाकडं बघितलं.

"सॉरी चाचा, पाच मिनिटांत घासून देते..."

त्यांनी नख हातानं झाकलं. "इसको हाथ नको लगाव बेटा." मग म्हणाले, "चाची मेहंदी लगाती ना, तो इसके इसीच नाखून को भी लगाती. बोलती, झुंड में मेरावाला दिखना."

"अन् त्या गेल्यावर?"

"फिर कौन लगाता? नाखून घिस गया, मेहंदी भी गई." मग माझ्याकडं बघून, "तेरे को किसने बताया?"

कुणीच नाय, म्हटलं. खोका मांडीवर घेऊन ते रिक्षात बसून गेले.

तेव्हापासून फोटो झूम करकरून बघतेय. नख पांढरंच आहे. रंगात, ब्रशात, कशातच उत्तर सापडत नाय. सँडपेपर अजून टेबलावर पडलाय... बेल दोन मिनिटं उशिरा वाजली असती तर ते नख मी घासून टाकलं असतं.

तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का... गेलेल्या माणसाची खूण, तुम्हाला माहीतसुद्धा नसताना, तुमच्याच हातून परत आली असं?