भिकाजीकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या पिंपळआळीत कुणाच्या घरात काय चाललंय हे अर्ध्या रत्नागिरीला ठाऊक असायचं, आणि ते कळायचं भिकाजीकाकांमुळे. काका चहाडखोर मुळीच नव्हते. ते फक्त देवाला सांगायचे. आम्ही शेजारी उभे असायचो, एवढंच.

शिमग्यात पालखी आळीतल्या सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं, ते गाऱ्हाणं. एकाने मागायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडायचं. काका एरवी आंब्याच्या पेट्या ठोकायचे, पण गाऱ्हाण्याचा मान वडिलांपासून त्यांच्या घरात. पालखीच्या आधी ते घरोघरी पडवीत बसून चहा प्यायचे आणि कुणाला काय हवंय ते विचारून घ्यायचे. मग सहाणेवर खणखणीत आवाजात सुरू व्हायचे.

“बा देवा म्हाराजा! यमुनाबायच्या गुडघ्याला आराम पडू दे! डावा म्हाराजा, उजवा बरा हाय!”

“व्हय म्हाराजा!”

“संदेशची बाटली सुटू दे!”

“व्हय म्हाराजा!” यात संदेशचाही आवाज असायचा. सवयीला काय करणार!

रेल्वे आली, तशी आळीतली कौलं उतरली आणि इमारती चढल्या. फ्लॅटमधल्या लोकांना स्वतःची मूळव्याध लाउडस्पीकरवर ऐकायची सवय नव्हती. ज्ञानेश्वरी गणितात दुसऱ्यांदा नापास झाल्याचं तिच्या होणाऱ्या सासूला गाऱ्हाण्यातच कळलं, त्यावरून तर रणकंदन झालं. मुंबईहून आलेले म्हणायचे, “काका, जरा आटपा, गाडी गाठायचीय.” काका दुखावले. मला विचाराल तर रुसले. आपल्याला कुणीतरी विनवावं, हात धरून थांबवावं, असं त्यांना वाटत होतं.

२००२च्या शिमग्यात त्यांनी ते सहाणेवरच साधायचं ठरवलं. गाऱ्हाणं संपत आलं तसा आवाज मुद्दाम पाडून म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्या भिकाजीचा आता वय झाला. ह्यो मान दुसऱ्या कुनाला तरी दे...” आणि डोळे मिटून थांबले. लोक ‘नको नको’ म्हणतील म्हणून.

“व्हय म्हाराजा!”

अख्खी आळी ओरडली. त्यात मीही. तोंडातून गेल्यावर कळलं, आपण काय बोललो ते. यमुनाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अरे, काय केलात ह्या!” पण देवासमोर एकदा हो म्हटलं की मागे फिरता येत नाही, आणि हे आम्हाला काकांनीच पढवलेलं.

पुढच्या वर्षी मान गेला देवदत्तकडे. नव्या इमारतीत राहणारा, बँकेत काम करणारा हा सज्जन माणूस. पण बोलायचा अर्ज लिहिल्यासारखं. “सर्वांना सुख, समृद्धी आणि उत्तम आरोग्य लाभू दे.” ‘व्हय म्हाराजा’ आलं, तेही झोपेतून उठवल्यासारखं. संपलं गाऱ्हाणं! काका मागे गर्दीत उभे होते. हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

देवदत्तलाही ते दिसलं असावं. पालखी उचलायला माणसं वाकली, तेवढ्यात तो पुन्हा हात जोडून म्हणाला, “आणि महाराजा, आमच्या भिकाजीकाकांना धडधाकट ठेव.”

“व्हय म्हाराजा!” असा आवाज आला की वाकलेली माणसं दचकून ताठ झाली.

घरी जाताना काका माझ्याबरोबर चालत होते, खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत. “उल्का गो, जल्मभर सगल्यांसाठी मागितला. माज्यासाठी कोन मागल, असा कदी वाटलाच नव्हता.”

मलाही भरून आलं. थोडं पुढे जाऊन ते थांबले.

“पन धडधाकट म्हंजे काय? दमा म्हनायला होवा होता. नाव घेतल्याबिगर देवाला कसा कलनार?”

आणि तसेच धापा टाकत देवदत्तच्या इमारतीचा जिना चढू लागले.