दाजीशेठांचे शेवटचे शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी, ज्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही!

दाजीशेठ कापडाचे व्यापारी. इंग्रजांच्या काळात दिल्लीत आले, गब्बर झाले आणि पहाडगंजात धर्मशाळा बांधली — स्टेशनावर उतरलेल्या मराठी माणसाला फुकट मुक्काम. त्यांच्या पुण्यतिथीला तसबिरीला हार घालून कुणीतरी एक आठवण सांगायची, असा रिवाज. कुणीतरी म्हणजे मीच. माझे आजोबा त्यांचे दिवाणजी होते ना! आता आजोबांकडून कळलेल्या आठवणी चारपाचच. मग पुढच्या? अहो, रचल्या! व्हाइसरॉयची बग्गी दाजीशेठांनी चिखलातून ओढून काढली — काय टाळ्या पडल्या होत्या! त्याची लाज? मुळीच नाही.

लाज निराळ्याच गोष्टीची आहे.

नव्वदीनंतर गुडगावात इमारती उठल्या. आम्हा धर्मशाळेच्या कमिटीवाल्यांना तिकडे राहायला जायची घाई. बिल्डर म्हणाला, धर्मशाळेची जागा द्या, बदल्यात सगळ्यांनी तिकडे एकेक फ्लॅट घ्या. पण जागा दाजीशेठांच्या नातीच्या, कुसुममावशीच्या नावावर. ती तिथंच राहायची आणि हलायला तयार नव्हती.

त्या पुण्यतिथीला मी उभा राहिलो. आवाज खाली आणला — ते मला झकास जमतं — आणि सांगितलं, शेवटच्या दुखण्यात दाजीशेठ माझ्या आजोबांना म्हणाले, "दिवाणजी, भिंतींना धरून बसू नका. आपली माणसं जातील तिकडे घर न्या."

मावशीनं मला बाजूला घेतलं.

"मेल्या, तुझ्या बग्ग्या-बिग्ग्या मला ठाऊक आहेत. मजा येते म्हणून ऐकते. पण हे दाजी खरंच म्हणाले?"

माघार घ्यायला जागा होती की नाही? होती — तिनंच करून दिली होती.

"बिल्कुल, मावशी. आजोबांची शपथ."

तिनं सही केली.

गुडगावच्या सोसायटीत ती रोज संध्याकाळी गेटजवळ खुर्ची टाकून बसायची. रखवालदार विचारायचा, "माताजी, किसकी राह देखती हो?" ती म्हणायची, "कोई मराठी आदमी आया, तो उसको ठहराने का है." पहाडगंजहून इतक्या लांब कोण येणार? कुणी आलं नाही.

ऑफिसातून येताना मी गाडीची काच खाली करायचो. "चलो मावशी, वर सोडतो."

"तू हो पुढे. मी बसते थोडी. दाजींचा शब्द आहे ना."

ती गेली तोवर हे असंच चाललं. मी काच वर करायचो आणि आत जायचो.