पिंजताना समोर बसणारे

मी महागाव सोडलं त्या सकाळी अब्बा स्टँडवर आले नाहीत. दुकानात एक बाई आपल्या जुन्या गादीचा कापूस पिंजून घेत समोर बसली होती. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बसलं असताना पिंजाऱ्यानं उठायचं नसते. उठला की संशय येते, चांगला कापूस काढून हलका भरला म्हणून. अब्बांनी बसल्या जागूनच हात वर केला. मले भल्ला राग आलता. लेक परमुलखात चालली आन् अब्बांले गादीची पडली!

कापसाचे दिवस वाईट होते, गावात नवी गादी कोणी शिवत नव्हतं. म्हणून अब्बांनी मोबाइलवरच्या एका मोठ्या बाजारात गाद्या विकायले टाकल्या. सुरुवातीले खपल्या. मंग तो बाजार चालवणाऱ्या कंपनीनं तशाच दिसणाऱ्या आपल्या गाद्या काढल्या आन् यादीत वर बसवल्या. अब्बांची गादी पाहाले बोट दुखेपर्यंत खाली सरकवा लागे. बाजार तिचा, दुकान बी तिचंच, मंग दुसऱ्याचा माल कायले दाखवीन ते?

आता मी ब्रसेल्सले वकिलांच्या ऑफिसात ह्याच भानगडी वाचत असते. इकडे युरोपात असल्या बड्या कंपन्यांले आधीच बजावून ठेवलं आहे, की आपलाच माल वर चढवायचा नाही. सगळ्या पाळतातच असं नाही, पण नियम आधी आहे. आपल्याकडे आधी बाजार नासते, मंग चौकशी, मंग कोर्ट. नियम आधी करावा का, याच्यावर अजून चर्चाच चालू आहे. गिऱ्हाईक पिंजताना समोर काहून बसते, हे मले इथं येऊन कळलं. शिवलेली गादी मागून कोण उसवून पाहाते?

कंपनीची सरकारकडे तक्रार करा म्हणून मीच हट्ट धरला. अब्बा फोनवर एवढंच म्हणाले, "दुकान बंद झाल्यावर न्याय आला, तर तो उतरीन कुठी, बेटा?"

तरी इतर दुकानदारांसंग त्यांनी तक्रार केली. चौकशी सुरू झाली, ती सुरूच आहे. पिंजायची मशीन भंगारात गेली. महागाव त्यांचं बी सुटलं. ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत चौकीदार झाले.

मागच्या ईदले मी गेलती. भाड्याच्या खोलीत अब्बा पातळ फोमच्या गादीवर पडले होते, त्याच कंपनीच्या. मी काही विचारायच्या आत अम्मी म्हणाली, "स्वस्त भेटली."

अब्बांनी सरकून मले जागा केली. एवढ्या दुरून मी घर घर करत आलती, ते घर आता तेवढ्याच जागेचं राह्यलं. मी त्यांच्याजवळ पडली. खालची फरशी पाठीले टोचत होती, आन् आम्ही तिघं बी म्हणत होतो, चांगली आहे गादी.