जोडाखालची फूट
कलमाची काडी छाटली की चिकाचा जो उग्र वास सुटतो, तो परवा शेजारच्या परसातून आला आणि मला माझं तरुणपणीचं शहाणपण आठवलं. आई गेली तेव्हा तिच्या सरणासाठी माहेरच्या परसातला पायरी आंबा तोडला. त्या चवीचा आंबा गावात दुसरा नव्हता. आई त्याची कोय पांढरी होईपर्यंत चोखायची. बायका रडत होत्या आणि मी आडव्या पडलेल्या झाडावरून काड्या खुडत होते. आईच्या लुगड्याच्या ओल्या चिंधीत गुंडाळून त्या एसटीने सासरी आणल्या, कोयीतून उगवलेल्या रायवळ रोपांवर कलमं बांधली. एकच रोप जगलं. त्याला तांबूस पालवी फुटली तशी मी बाई अशी मिरवले, जसं काही माझ्याआधी कोकणात कुणी कलम बांधलंच नव्हतं. येईल त्याला सांगायचे, "आमची आई आली हो राहायला." शेवटी सासरे वाकून बघून आले. म्हणाले, "अगो, फूट जोडाच्या खालून आलीय. रायवळच वाढतोय हा. वरची काडी कधीच सुकली." मी म्हटलं, "मग दुसरी आणते." दुसरी आणायची कुठून, हे माझ्या हुशार डोक्यात चुलीपाशी पोचल्यावर शिरलं. चुलीत आंब्याचंच लाकूड जळत होतं. रायवळ मात्र मी तोडू दिला नाही. आता त्याचे आंबे नातवंडं तिखटमीठ लावून खातात. मी डोळे मिटून आईच्या पायरीची चव आठवायला बसते, तर जिभेवर हाच आंबटपणा येतो.